घास देण्यापूर्वीं

आपल्याकडील घरांत लहान मुलावरची माया बहुधा घासाच्या रूपानें प्रकट होते. पाहुणा आला कीं तो मुलाच्या हातावर खाऊ ठेवतो. शेजारच्या घरीं कांहीं गोडधोड झालें कीं वाटी भरून येते. देवळांत गेलें तर प्रसादाचा पहिला कण मुलाच्याच तळहातावर पडतो. 'नको' म्हणणारें मूल लाजाळू ठरतें आणि 'देऊं नका' म्हणणारी आई शिष्ट ठरते. या रीतींत वाईट असें कांहींच नाहीं. आपल्या समाजाचा ओलावा तिच्यांतच आहे. परंतु ज्या घरांत एखादें अन्न मुळींच न सोसणारें मूल जन्मास आलें आहे, त्या घराला हाच ओलावा संकटासारखा वाटूं लागतो. अशा मुलाचें संगोपन कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

'सोसत नाहीं' हे शब्द बोलण्यांत फार सैलपणानें वापरले जातात. वाटाण्यानें पोट फुगलें किंवा मिरचीनें जळजळलें, तरी तें सोसलें नाहीं असेंच म्हणण्यांत येतें. दुधांतील साखर कित्येकांस पचत नाहीं. दूध प्यालें कीं त्यांच्या पोटांत गुडगुडतें, जुलाब होतात. पण त्यानें जिवाला धोका नसतो. येथें ज्याचा विचार करावयाचा तो प्रकार याहून निराळा आहे. वैद्यकांत त्याला ॲलर्जी म्हणतात. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं हा शब्द प्रथम योजिला. आयुर्वेदानें सात्म्य आणि असात्म्य असा भेद फार पूर्वींच केलेला आहे; परंतु असात्म्य या शब्दाची व्याप्ति मोठी आहे. ॲलर्जीचा अर्थ नेमका आहे. अन्नांतील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शरीराची संरक्षक यंत्रणा शत्रु समजते आणि त्याच्याविरुद्ध सारें बळ एकवटून उठते. पहारेकऱ्यानें घरच्याच माणसाला चोर समजून सबंध वाड्यांत धुमाकूळ घालावा, तसा हा प्रकार आहे.

या धुमाकुळाचा पहिला शास्त्रीय उलगडा एका फसलेल्या प्रयोगांतून झाला. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ १९०१ सालीं मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या जहाजावर समुद्रांतील विषारी जीवांचा अभ्यास करीत होते. परत आल्यावर त्यांनीं अशाच एका जीवाचें विष अल्प प्रमाणांत कुत्र्यांना टोंचून पाहिलें. एकदां विष पचविलेलें जनावर पुढच्या खेपेस अधिक टणक होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडलें तें उलट. कांहीं आठवड्यांनीं पुन्हां अल्प मात्रा दिली असतां जनावर थोड्याच मिनिटांत दगावलें. रिशे यांनीं या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस असें नांव दिलें आणि १९१३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९६६ सालीं किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें अमेरिकेंत संशोधन करून या उत्पाताच्या मुळाशीं असलेलें रक्तांतील द्रव्य ओळखलें. त्यालाच आज आय-जी-ई म्हणतात.

या इतिहासांत घरच्या माणसांनीं लक्षांत ठेवण्यासारखा एक धडा आहे. 'परवां तर खाल्लें होतें, कांहीं झालें नाहीं,' हें म्हणणें येथें पुरावा ठरत नाहीं. शरीराची ओळख आधीं होते. हल्ला नंतर होतो. इसबानें फाटलेल्या कातडीवाटे, घरांतल्या धुळींतील कणांवाटे ही ओळख नकळतहि होऊं शकते. शिवाय गेल्या खेपेस केवळ ओठ सुजले होते म्हणून या खेपेसहि तेवढ्यावरच भागेल, असा भरंवसा कोणालाहि देतां येत नाहीं.

लक्षणें बहुधा खाल्ल्यापासून कांहीं मिनिटांत, क्वचित् तासा-दोन तासांत दिसूं लागतात. अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, मूल वांती करतें; पुढें खोकला, घुसमट, आवाज घोगरा होणें, आणि शेवटीं मूल एकाएकीं मलूल पडणें. आपल्या घरांत गांधी उठल्या कीं 'पित्त उठलें' असें म्हणून आमसुलाचें पाणी लावण्याची रीत आहे. साध्या खाजेला तें ठीक असेल. परंतु गांधींबरोबर श्वास लागला, वांत्या सुरू झाल्या किंवा मूल गळून गेलें, तर तें पित्त नव्हे. तेव्हां एक क्षणहि आमसूल शोधण्यांत घालवूं नये.

आतां नागपूरच्या स्वयंपाकघरांत डोकावूं. पाश्चात्य देशांत शेंगदाण्याची ॲलर्जी विशेष गाजलेली आहे. आपल्याकडे हरभऱ्याचाहि विचार करावा लागतो. पाटील, निफाडकर व बापट या संशोधकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हरभरा हें भारतीय उपखंडांतील एक प्रमुख ॲलर्जीकारक अन्न असल्याचें दाखविलें. हरभरा आणि शेंगदाणा हीं दोन्ही ज्याला वर्ज्य आहेत, अशा तीन वर्षांच्या एखाद्या नागपुरी मुलाची कल्पना करावी. पिठलें आणि पाटोडी गेली. गोळाभात, भजीं, आलुबोंडा, सांबारवडी गेली. तर्री-पोह्यांवरची तर्री गेली. बुंदीचा लाडू आणि म्हैसूरपाक गेला. चिवड्यांत डाळें असतें, चटणींत डाळें असतें. कोशिंबिरींत दाण्याचें कूट, भरल्या वांग्यांत कूट, साबुदाण्याच्या खिचडींत तर कूटच कूट. उपवासाचें म्हणून निवांत राहावें तर तेथेंच शेंगदाणा अधिक. गंमत अशी कीं शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंद, हे दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. आपल्या उपवासांत ते मागाहून येऊन बसले.

पदार्थ टाळणें एवढ्यानेंहि काम होत नाहीं. ज्या कढईंत भजीं तळलीं त्याच तेलांत मुलासाठीं तांदळाचे पापड तळले, तर पापड निर्दोष असूनहि तेल निर्दोष नसतें. जो झारा भज्यांचा तोच पापडाचा. घाण्यावरच्या फल्लीच्या तेलांत शेंगदाण्याचें प्रथिन थोडेंबहुत उतरतेंच. कारखान्यांत पुरतें शुद्ध केलेल्या तेलांत तें जवळजवळ उरत नाहीं. ज्या मुलास गाईचें दूध वर्ज्य आहे, त्याला म्हशीचें किंवा शेळीचें चालेल असें वडीलधारीं माणसें मोठ्या विश्वासानें सांगतात. परंतु या दुधांतील प्रथिनें एकमेकांशीं इतकीं मिळतींजुळतीं असतात कीं बहुधा तींहि चालत नाहींत. तुपांतहि दुधाचा अंश राहूं शकतो.

बाजारच्या पुड्यांवर काय लिहिलें आहे तें वाचण्याची संवय घरांतील प्रत्येकानें लावून घ्यावी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनीं वेष्टनावर ॲलर्जीकारक घटकांची सूचना देणें आवश्यक केलें. त्या यादींत दूध, अंडें, मासे, शेंगदाणा, सोयाबीन, गव्हासारखीं धान्यें, बदाम-काजूसारखीं कवचाचीं फळें इत्यादि आहेत. मात्र त्या यादींत हरभरा नाहीं आणि तीळहि नाहीं. म्हणून ठळक सूचना पाहून थांबूं नये. घटकांची सबंध यादी वाचावी आणि 'बेसन' हा शब्द शोधावा. सुट्या मिठाईला तर वेष्टनच नसतें. ती या मुलासाठीं नव्हे असेंच समजावें.

हें सर्व ऐकून घरांतील आजी म्हणते, 'आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें.' तिचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. कर्नाटकांतील शाळकरी मुलांची जी पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली, तींत अन्नाची खरी ॲलर्जी असण्याचा संभव शेंकडा ०.१४ मुलांतच, म्हणजे हजारांत एक-दोन मुलांत, आढळला. हाँगकाँगमध्यें तेंच प्रमाण शेंकडा दीड होतें. आजीनें असें मूल पाहिलें नसेल, हें संभवनीय आहे. परंतु दुर्मिळपणा हा धोका कमी असल्याचा पुरावा नव्हे. उलट दुर्मिळपणामुळेंच भोंवतालचीं माणसें अनभिज्ञ असतात, आणि अनभिज्ञ माणसाच्या हातचा प्रेमळ घास हाच या मुलाचा सर्वांत मोठा शत्रु असतो. 'थोडें थोडें देऊन संवय लावूं' म्हणून कोणी चोरून चिमूटभर बेसन चाखविलें, तर त्या चिमटीची किंमत काय होईल हें सांगतां येत नाहीं. अशा संवयीचे उपचार आहेत. पण ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं, मोजून आणि तातडीची सर्व सामुग्री जवळ ठेवून करावयाचे असतात.

आजीशीं वाद घालून उपयोग नाहीं. तिला कारभारांत घ्यावें. मुलाच्या फळीची किल्ली तिच्याकडे द्यावी, आल्यागेल्याला सांगण्याचें काम तिच्यावर सोंपवावें. ज्या घरांत आजी स्वतः पाहुण्याला म्हणते, 'अहो, याला आमच्या हातचेंच देतों, रागावूं नका हं,' त्या घरांत आईला दहा वेळां कठोर व्हावें लागत नाहीं. वडिलांनींहि हें काम 'बायकांचें' म्हणून अंगाबाहेर टाकूं नये. मूल वडिलांबरोबर बाजारांत, लग्नांत, मित्रांकडे जातें, आणि घास पुढें करणारा हात तेथेंहि असतोच.

दुसऱ्या टोकाची चूकहि टाळली पाहिजे. ती म्हणजे संशयावरून एकामागून एक अन्न बंद करीत जाणें. रक्ताची किंवा कातडीवरची तपासणी होकारार्थी आली, एवढ्यानें ॲलर्जी सिद्ध होत नाहीं. कर्नाटकांतीलच प्रौढांच्या पाहणींत, २०१६ च्या वृत्तांतानुसार, शेंकडा २६.५ लोकांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आय-जी-ई सांपडलें. परंतु खऱ्या ॲलर्जीचा संभव केवळ शेंकडा १.२ लोकांत दिसला. म्हणजे केवळ कागदावरून पथ्य ठरविलें तर वीसांतील एकोणीस जणांस तें व्यर्थ घडेल. काय खाल्लें, किती वेळानें काय झालें, याची घरानें तारीखवार नोंद ठेवावी. ॲलर्जी जाणणाऱ्या डॉक्टरांनीं ती नोंद आणि तपासणी एकत्र पाहावी. आणि शंका उरल्यास रुग्णालयांत त्यांच्या डोळ्यांदेखत तो पदार्थ खाऊ घालून निर्णय करावा. वाढत्या मुलाच्या ताटांतून दूध, गहूं, डाळी, सर्व कांहीं काढून टाकलें तर तें ॲलर्जीनें नव्हे, उपासमारीनें खंगेल. दूध व अंडें यांची ॲलर्जी बरींचशीं मुलें वाढत्या वयांत टाकून देतात. शेंगदाण्याची सुमारें पांचांत एक मूलच टाकतें. म्हणून ठराविक काळानें फेरतपासणी करून घ्यावी. जुनें पथ्य जन्मभर ओढीत नेऊं नये.

सर्व जपूनहि प्रसंग आलाच, तर त्यावरील पहिलें औषध एकच आहे : ॲड्रिनॅलिन. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानें १९०१ सालीं तें शुद्ध स्वरूपांत मिळविल्याचें जाहीर केलें. रिशे यांचा प्रयोग आणि त्यावरचें औषध हीं जवळजवळ एकाच वेळीं जगापुढें यावींत, हा एक योगायोगच. तें मांडीच्या बाहेरच्या बाजूस, मध्यावर, स्नायूंत टोंचावयाचें असतें. प्रमाण वजनाच्या प्रत्येक किलोस ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरांत १ मिलिग्रॅम असलेल्या कुपींतून १२ किलोच्या मुलास ०.१२ मिलिलिटर. दशांशाचें टिंब चुकलें तर दहापट औषध जाईल; म्हणून आपल्या मुलाची मात्रा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी, त्यांनीं दाखविलेल्या सिरिंजवर खूण करून घ्यावी आणि वजन वाढेल तशी ती बदलून घ्यावी. परदेशांत मात्रा भरून तयार असलेली, दाबतांच टोंचली जाणारी सुई पुष्कळ कुटुंबांजवळ असते. आपल्याकडे बहुतेकांना कुपी आणि सिरिंज यांवरच भिस्त ठेवावी लागली आहे. म्हणून सराव हवा. सुई टोंचण्याचा सराव संत्र्यावर करण्याची जुनी पद्धति आहे, आणि नागपुरांत संत्र्यांची वानवा नाहीं.

खाज थांबविणारें औषध आधीं पाजून वाट पाहणें, ही येथील नेहमींची चूक आहे. तें औषध गांधी बसवील. मिटत चाललेला घसा तें उघडणार नाहीं. ॲड्रिनॅलिन आधीं, मग १०८ या क्रमांकावर दूरध्वनि. ही रुग्णवाहिका-सेवा महाराष्ट्रांत २०१४ सालीं सुरू झाली आहे. मुलास आडवें निजवून पाय उंच ठेवावे. श्वास लागत असेल तर बसूं द्यावें. पण एकदम उभें करूं नये, चालवूं नये. पांच ते पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास डॉक्टरांनीं लिहून दिल्याप्रमाणें दुसरी मात्रा द्यावी. बरें वाटलें तरी रुग्णालयांत कांहीं तास राहावें. कारण लक्षणें परत उलटूं शकतात. आणखी एक गोष्ट खास नागपूरची. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांवर चढतो. औषधाची कुपी उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत किंवा स्कूटरच्या डिकींत ठेवूं नये. उजेड व उष्णता यांनीं तें औषध बिघडतें. कुपीवरची मुदत पाहावी, रंग पालटलेली कुपी टाकून द्यावी.

येथवर शरीराचा विचार झाला. मनाचा विचार याहून नाजूक आहे. 'हें खाल्लेंस तर मरशील,' असें तीन वर्षांच्या मुलास सांगणें सोपें आहे. पण त्या वाक्यानें तें मूल अन्नालाच भिऊं लागतें, आणि भ्यालेलें मूल घरीं खात नाहीं व बाहेर चोरून खातें. त्याऐवजीं शांतपणें सांगावें : 'हें तुझ्या अंगाला चालत नाहीं. खाण्यापूर्वीं आईला विचारायचें.' 'आईला विचारतो' हे दोन शब्द तीन वर्षांचें मूल सहज शिकतें. घसा खाजवला, पोटांत कसेंसेंच झालें, तर लगेच मोठ्या माणसास सांगावें, आणि सांगितल्याबद्दल कधींहि बोलणीं बसणार नाहींत, हा विश्वासहि त्याला द्यावा. चोरून खाल्लें असेल तर शिक्षेच्या भीतीनें तें गप्प बसेल. आणि येथें गप्प बसणेंच घातक असतें.

मुलाला सणावारांतून वगळणें हा उपाय नव्हे. संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाणांत मुलाच्या डोक्यावरून बोरें, चुरमुरे, उसाचे करवे यांबरोबर हरभरेहि ओततात. तेथें हरभरे वगळून बाकीचें ओतलें तर बोरन्हाणाचें कांहीं उणें होत नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत तान्हा पोळा असतो. नटूनथटून मुलें लांकडी बैल घेऊन दारोदार हिंडतात आणि घरोघर त्यांना बोजारा मिळतो. कोठें पैसे, कोठें खाऊ. ज्या आईचें मूल असें आहे, तिनें त्या दिवशीं त्याला घरांत कोंडावें काय ? त्यापेक्षां आदल्या संध्याकाळीं गल्लींतल्या पांच-सात घरीं जाऊन, आपल्याच हातच्या खाऊची एकेक पुडी प्रत्येक घरीं ठेवून यावें, आणि 'उद्यां आमचा बैलवाला आला कीं त्याला एवढीच द्या' असें सांगावें. दुसऱ्या दिवशीं मूल सर्वांसारखें दारांत उभें राहतें, सर्वांसारखें शेजारणीच्या हातून घेतें, सर्वांसारखें हंसतें. त्याला आपण निराळे आहोंत हें जाणवत नाहीं. आणि शेजारणीलाहि न दुखवतां कळलेलें असतें.

शाळेंत 'वाटून खावें' हा सद्गुण म्हणून शिकविला जातो, आणि तो सद्गुणच आहे. त्यांत फक्त एक शब्द वाढवावा : 'विचारून वाटावें.' मुलाचा डबा ओळखूं येईल असा असावा. शिक्षकांकडे मुलाच्या छायाचित्रासह एक कागद असावा. त्यावर वर्ज्य पदार्थ, लक्षणें, औषध कोठें आहे आणि दूरध्वनि कोणास करावयाचा, एवढें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असावें. वर्गांतल्या वाढदिवसासाठीं त्याचा खाऊ शाळेंत आधींच ठेवलेला असावा. सोबत्यांना शिक्षकांनीं नीट समजावून सांगितलें तर मुलें फार चांगले पहारेकरी होतात. न सांगितलें तर तींच 'खाऊन दाखव' म्हणून चिडवितात.

शेवटीं अशा घरांतील धाकट्या भावंडाविषयीं. थोरल्याचें पाहून धाकट्यासहि तो पदार्थ वर्षानुवर्षें चाखूं द्यावयाचा नाहीं, असें आईबापांना साहजिकच वाटतें. पूर्वीं कित्येक डॉक्टरहि तसेंच सांगत. गिडिअन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लंडन येथें ॲलर्जीचा विशेष संभव असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर प्रयोग करून २०१५ सालीं जें प्रसिद्ध केलें, त्यानें हें मत पालटलें. चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून ज्यांना शेंगदाणा नियमितपणें दिला गेला, त्यांच्यांत पांचव्या वर्षीं शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळच कमी आढळली. ज्यांना तो मुद्दाम टाळला, त्यांच्यांत अधिक. म्हणून धाकट्याच्या बाबतींत निर्णय भीतीवर सोडूं नये. डॉक्टरांस वेळेवर विचारावें. त्यांनीं सांगितलें तर पदार्थ मऊ किंवा पातळ करूनच द्यावा, कारण आख्खा दाणा तान्ह्याच्या घशांत अडकतो. आणि थोरल्यापासून तो कसा दूर ठेवावयाचा, हेंहि त्याच वेळीं ठरवून घ्यावें.

श्रोतेहो, ज्यांच्या घरीं असें मूल नाहीं, त्यांच्याकडे या विषयांत थोडेंसेंच मागणें आहे. दुसऱ्याच्या मुलाच्या हातावर कांहीं ठेवण्यापूर्वीं त्याच्या आईस विचारावें. आणि ती 'नको' म्हणाली तर कारण न विचारतां, तोंड न फिरवतां, त्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा. पाठीवरचा हात कोणत्याहि मुलाला सोसतो.